पाखरांचा पाहुणचार

माझी बायको आशाबाई कुणालाही मूठभर वाढू शकत नाही, हे मला लग्नानंतर पहिल्या आठ दिवसांतच कळलं होतं. तिच्या हातात भाताचा डाव आला की समोरच्याचं "पुरे" तिला ऐकूच येत नाही. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, ही त्या हाताच्या खालून वाढते. माझे एक साडू तर आमच्याकडे जेवायचं ठरलं की आदल्या रात्री उपाशी झोपून येतात. हा तिचा गुण की दोष, यावर मी चाळीस वर्षांत मत दिलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र या गुणापायी आमचा दोन एकर हरभरा अळीच्या पोटात जायची वेळ आली. त्यात माझाही वाटा होता, आणि तो कसा होता हे सांगायला मला आजही फारसं आवडत नाही.

मी सर्जेराव. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता खुलताबादच्या पुढं आमच्या गावी असतो. शेतीत पूर्णवेळ उतरलो तो रिटायर झाल्यावर, त्यामुळे माझ्यातला कंडक्टर अजून पुरता उतरलेला नाही. मला प्रत्येक गोष्ट मोजून घ्यायची सवय आहे. कुणी "लई अळी पडली" म्हणालं की मी विचारतो, लई म्हणजे किती?

भांडणाचं मूळ त्याच्या आदल्या वर्षीचं. जानेवारीत हरभऱ्यावर घाटे, म्हणजे शेंगा, पोखरणारी घाटेअळी आली, मी पाठीवर पंप चढवला आणि तोंडाला काही न बांधता फवारायला लागलो. अर्ध्या रानात वारा फिरला. पुढचं मला नीट आठवत नाही. भोवळ आली, उलट्या झाल्या, आणि शेजारच्या नूरमोहम्मदनं त्याच्या पेरूच्या टेम्पोत घालून मला शहरात नेलं. दोन रात्री दवाखान्यात काढल्या. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की मला ऊन लागलं होतं. जानेवारीत ऊन लागलेला मी आमच्या तालुक्यातला पहिलाच माणूस असेन, पण माझं म्हणणं मी सोडलं नाही.

आशाबाई तेव्हा काही बोलली नाही. गेल्या हिवाळ्यात हरभरा फुलावर आला तेव्हा बोलली.

"यंदा पंप काढायचा नाय."

"मग अळीला काय ओवाळायचं?"

"पाखरं खात्यात अळी. गीताबाईनं सांगितलंय."

गीताबाई म्हणजे बचत गटातल्या बायकांना बिगर-औषधाची शेती शिकवणारी बाई. जीवामृत कसं कालवायचं, निंबोळ्या कधी वेचायच्या, सगळं तिला तोंडपाठ. तिच्याच सांगण्यावरून आशाबाईनं पेरणीच्या वेळी हरभऱ्यात चिमूटभर ज्वारी मिसळली होती, ताटं उंच वाढली की पाखरांना बसायला होतात म्हणून. पुढं गीताबाई एकदा स्वतः रान बघायला आली. म्हणाली, काठ्यांचे थांबे रोवा, आणि आठवडाभर सकाळी मूठभर भात हळद लावून तासातासांतून, म्हणजे पिकाच्या ओळींमधल्या पट्ट्यांतून, फेका. पिवळा रंग बघून पाखरं खाली उतरतील, भात टिपता टिपता अळी दिसेल, आणि एकदा अळीची चव लागली की तुमची गरज उरणार नाही.

मी शेजारीच उभा होतो. मूठभर आणि तासातासांतून, हे दोन्ही शब्द मी या कानांनी ऐकले.

"मी अट घालतो," मी आशाबाईला म्हणालो. "रोज सकाळी वीस ठिकाणी मीटरची काठी ठेवून अळ्या मोजीन. वीस जागी मिळून चाळीसच्या आत राहिल्या तर तू जिंकलीस. चाळीसच्या वर गेल्या की मी पंप काढणार. मग हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

"कधीपोतर?"

"भोगीपर्यंत."

"आन मी जिकले तर?"

"तर पंप भंगारात देईन."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खरं बोलतोय की नाही हे ती माझ्या बोलण्यावरून ठरवत नाही, कानाच्या पाळीकडं बघते. तिचं म्हणणं, खोटं बोलताना माझ्या पाळ्या लाल होतात. पाळ्या ठीक असाव्यात, कारण ती लगेच काठ्या शोधायला गेली.

आम्ही अठ्ठावीस थांबे रोवले. उभ्या काठीवर आडवी काठी, इतकंच. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकावर एक कोतवाल येऊन बसला. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन फाटे. बसला की उडायचा, हवेत काहीतरी पकडायचा आणि पुन्हा त्याच काठीवर. त्यानं आमच्या भाताकडं शेवटपर्यंत ढुंकून पाहिलं नाही. या सगळ्या गोष्टीत सरळ मार्गानं वागलेला तो एकटाच.

भाताचं मात्र वेगळंच झालं. आशाबाईनं पहिल्याच सकाळी पातेलंभर भात शिजवला. हळद घातली. मग तिला वाटलं की नुसती हळद कशी चालेल, म्हणून तेलाचा हात लावला. तो भात घेऊन ती रानात गेली आणि बांधावर थांबली. अन्न असं मातीत फेकायचं, उद्या त्यावर कुणाचा तरी पाय पडायचा, हे तिला पटेना. तिनं बांधावर गोणपाट अंथरलं, त्यावर पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या आणि ओळीनं भात वाढला. बाजूला पाण्यानं भरलेलं मडक्याचं खापर ठेवलं.

"पंगत बसवलीस की," मी म्हणालो.

"आल्या-गेल्याला असंच वाढत्यात. तुमाला काय कळतंय त्यातलं."

तिसऱ्या दिवशी साळुंक्या आल्या. चौथ्या दिवशी सातभाईंचं टोळकं आलं, घरात लग्न असल्यासारखं कलकलत. मग चिमण्या, कावळे. आशाबाईला इतका आनंद झाला की तिनं भात दुप्पट केला. पाचव्या दिवशी त्यात शिळ्या भाकरीचा कुस्करा आला आणि सहाव्या दिवशी मला नाश्त्याला पोहे कमी पडले, कारण तेही बांधावर गेले होते. ती पदर डोक्यावर घेऊन लांब उभी राहायची आणि पाखरांशी बोलायची. "खा गं बायांनो. लाजू नका."

माझी मोजणी चालूच होती. पहिल्या दिवशी चौदा. मग एकोणीस. आठव्या दिवशी सव्वीस. पाखरं वाढत होती आणि अळ्याही वाढत होत्या. आशाबाई म्हणाली, "येतील वळणावर. नवीन हाईत आजून."

त्याच दिवशी नूरमोहम्मद बांधावर येऊन बसला. त्याची पेरूची बाग आमच्या रानाला लागून आहे आणि बागेत त्यानं तीस-चाळीस कोंबड्या सोडलेल्या असतात. तो बराच वेळ पत्रावळींकडं बघत राहिला. एक साळुंकी भात खाऊन इतकी जड झाली होती की उडायच्या ऐवजी चालत थांब्याकडं निघाली होती.

"कंडक्टर," तो हळूच म्हणाला, "भाभीनं हे लई चुकीचं चालवलंय."

"का?"

"माझ्या कोंबड्या भी असंच करत्यात ना. सकाळी दाणा जास्त पडला की दिवसभर बागेत चोच मारत नाय. झाडाखाली बसून राहत्यात, नवाबावानी. कमी दाणा टाकला की सगळी बाग उकरून किडा काढत्यात. तुमची पाखरं भरल्या पोटानं अळी कशाला खातील?"

मी पुन्हा बघितलं, आणि मला सगळं लख्ख दिसलं. पाखरं बांधावर उतरत, जेवत, पाणी पीत, थांब्यावर बसून पंख साफ करत आणि दुपारच्या आत निघून जात. हरभऱ्याच्या ओळींत कुणीच उतरत नव्हतं. खाली हिरवी अळी घाट्यात तोंड खुपसून निवांत खात होती. पाखरांना वाढून मिळत होतं, अळीला पिकलेलं मिळत होतं. उपाशी राहणार होतो ते आम्ही.

"हिला बोलू नको," मी नूरमोहम्मदला म्हणालो.

"कामून?"

"शर्त आहे आमची."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला इकडं-तिकडं बघावं लागलं. "मेरेको क्या," तो उठत म्हणाला. "मियां-बीवीचा मामला. पन टेम्पो मी यावेळी नाय काढनार, सांगून ठेवतो."

मी पाच दिवस गप्प राहिलो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण राहिलो. सकाळी मोजायचो, आकडा मोठ्यानं सांगायचो आणि मनातल्या मनात जिंकत जायचो. तीस. तेहेतीस. छत्तीस. आशाबाईचा चेहरा रोज थोडा उतरत होता, आणि ती त्यावर एकच उपाय करत होती. भात वाढवत होती.

तेराव्या दिवशी त्रेचाळीस झाल्या. मी दोनदा मोजल्या.

"त्रेचाळीस," मी सांगितलं.

ती चुलीपुढं होती. "बरं," म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी तयार असतो.

दुपारी मी माळ्यावरून पंप काढला. त्याचा नोझल जुन्या डब्यात होता आणि डबा धान्याच्या कोठीमागं. तिथं हात घातला तर हाताला निळी रेक्झिनची पिशवी लागली. ही पिशवी मला माहीत होती, एरवी ती परगावी जातानाच निघायची. उघडली. वर स्टीलचा थर्मास होता, तोच, आदल्या वर्षी दवाखान्यात चहासाठी घेतलेला, बुडाला पोचा आलेला. त्याखाली माझे दोन पायजमे, टॉवेल, माझ्या बीपीची कागदं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि तळाशी घडी केलेली चादर.

"ही पिशवी कशाला भरलीस?"

आशाबाई ताटात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"कशाला म्हंजी? तुमी आता फवारनार. मागच्या बारीला मला काय सुदरलंच नवतं. कागदं घरी राह्यली, पायात चप्पल नवती. दोन राती त्या फरशीवर बसले. लई गार व्हती. म्हनून यंदा चादर घेतली."

बाजारची यादी सांगावी तशा आवाजात तिनं हे सांगितलं. रडली नाही, टोमणा मारला नाही. एक खडा सापडला तो तिनं बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ ओढले.

मला माझी लाज वाटली. तिथं, त्या कोठीमागं, हातात नोझल धरून मला माझी इतकी लाज वाटली की मी उभाच राहिलो. वर्षभर मी लोकांना ऊन लागल्याची गोष्ट सांगत होतो आणि ही बाई वर्षभर त्या फरशीवरच बसून होती. मला जिंकायचं होतं. तिला फक्त मी घरी पाहिजे होतो.

"उद्या भात करू नकोस," मी म्हणालो.

आता मात्र तिनं मान वर केली. "तुमी जिकलात ना? मग पाखरांच्या पोटावर कामून उठलात?"

"अगं, भातानंच घात केलाय. त्यांची पोटं भरलेली असतात, ती रानात उतरतच नाहीत. नूरमोहम्मदच्या कोंबड्यांचंही तसंच आहे. गीताबाई मूठभर म्हणाली होती. तासातासांतून म्हणाली होती."

तिनं तांदळाचं ताट खाली ठेवलं. सगळं एकदा मनात फिरवलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "हे तुमाला कधी कळलं?"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लपवण्यात अर्थ नव्हता.

"पाच दिवस झाले."

"पाच दिस!" ती उठलीच. "पाच दिस मी येड्यावानी भात शिजवतीया, आन तुमी बांधावर हुबं राहून मजा बगताय? आन तो नूरमोहम्मदभाई बी? येऊ द्या त्याला चहाला!"

"त्याला मीच गप्प बसवलं."

"तुमी तर काय, एकतीस वर्सं लोकांना मागं सरका म्हनण्यात गेली. सवताला कदी सरकायचं ते ठावंच नाय." ती बराच वेळ बोलली. मी पंप पायाशी ठेवून ऐकत राहिलो. शेवटी तिनं निकाल दिला. "उद्यापासून पाखरांना न्याहारी बंद. आन तुमालाबी बंद. पाखरं उपाशी राहून अळ्या वेचतील, तुमी बी वेचायच्या. धा वाजले की चहा मिळंल. त्याच्या आदी नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पत्र्याचा डबा घेऊन हरभऱ्यात उतरलो. थंडी मरणाची होती. पानांवर दव, आणि हरभऱ्याची आंब, पानांवरचं ते आंबट पाणी, पायाला लागून सगळ्या पोटऱ्या चुरचुरत होत्या. साळुंक्या वेळेवर आल्या. बांधावर गोणपाट नाही, पत्रावळ नाही. त्या आधी बांधावर हिंडल्या, मग थांब्यांवर बसल्या, आणि मग त्यांनी जी ओरड सुरू केली, ती गाडी न लागल्यावर स्टँडवर होते त्याच जातीची होती. सातभाई तर माझ्याकडंच तोंड करून ओरडत होते.

आशाबाई विहिरीच्या कठड्यापाशी पाठ फिरवून बसली होती. तिला बघवत नव्हतं. "आसं दारात आलेल्याला..." एवढंच ती पुटपुटत होती.

साडेआठ झाले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि थांब्यावर खरे. तेवढ्यात एक साळुंकी काठीवरून उतरली आणि माझ्यापासून दोन ओळी सोडून चालायला लागली. मान वाकडी करून एकेक झाड बघत होती. एका झाडापाशी थांबली. अळीचं तोंड घाट्यात होतं, बाकीची सगळी बाहेर. साळुंकीनं ती उपसली, जमिनीवर दोनदा आपटली आणि गिळली. क्षणभर उभी राहिली. मग पुढच्या झाडाकडं अशी धावली की मला हसूच फुटलं.

"आशे! बघ!"

तिनं वळून बघितलं. तोवर दुसरी उतरली होती, तिसरी उतरत होती. पलीकडून नूरमोहम्मदचा आवाज आला, "भाभी, सब ड्युटी पे आ गये!" तो कुंपणापाशी उभा होता, आत यायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

आशाबाई उठून घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या ओटीत थोडासा पिवळा भात होता. खरोखर मूठभर. चपला बांधावर काढून ती रानात उतरली आणि पेरणीला मूठ सोडतात तशी, चार-चार शितं तासांतून सोडत चालली.

"आता पायाखाली येत नाही का?" मी विचारलं.

"पेरताना दाना मातीतच टाकतो का नाय आपन? त्याला कुनी तुडवलं म्हनतं का? हे बी पेरनंच झालं." मग माझ्या डब्यात डोकावून म्हणाली, "इतक्याच? ती साळुंकी बगा, तुमच्या म्होरं गेली."

असे पाच दिवस गेले. रोज सकाळी उपाशीपोटी मी एका ओळीत आणि साळुंक्या शेजारच्या ओळींत. त्यांना माझी भीती उरली नाही. माझ्या डब्यातल्या अळ्या नूरमोहम्मदच्या कोंबड्यांना जायच्या, तो त्याचा दंड म्हणून अंडी आणून द्यायचा. आशाबाईनं अंडी घेतली, पण त्याला चहा तिसऱ्या दिवशी दिला.

भोगीच्या दिवशी मी शेवटची मोजणी केली. वीस जागी मिळून तेरा. मीटरची काठी बांधावर टेकवून मी बसलो. बाजूला ज्वारीच्या ताटावर कोतवाल बसला होता, रोजच्यासारखा.

आशाबाई डोक्यावर टोपली घेऊन आली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तिच्यात आमच्याच रानातले ओले हरभरे. सकाळी तिनं घाटे खुडताना दोन तोंडात टाकले होते, न धुता. मागच्या वर्षी फवारलेल्या घाट्यांना तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

"मोजल्या का?"

"मोजल्या."

"किती?"

"तेरा. पण तेराशे असत्या तरी पंप निघाला नसता. तो माळ्यावर नाही."

"मग कुठाय?"

"भंगारात. पिशवी सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशीच देऊन आलो."

तिनं माझ्या कानाच्या पाळ्यांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली बसली, टोपलीत हात घातला आणि भाकरीच्या फडक्याखालून थर्मास काढला. स्टीलचा, बुडाला पोचा आलेला. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

"आन पिशवी?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"रिकामी केली. चादर धुऊन वाळत घातलीय." तिनं झाकणात चहा ओतला. वाफ वर आली. "धा वाजायला अजून येळ हाय, पन प्या आता."

मी पुरे म्हणालो. तिला ऐकू आलं नाही.